बँडमध्ये ड्रमर येतोय, मी बाहेर पडू का?

वाचकाचं पत्र

मी मूळची साताऱ्याची, नोकरीमुळे सध्या नेदरलँड्समध्ये आइंडहोवनला राहते. शाळेत असताना तबला शिकले, गिटार कॉलेजात हाती आली. इथे आमचा चौघांचा छोटा बँड आहे: दोन गिटार, एक व्हायोलिन, एक डबल बेस. जँगो राइनहार्ट या गिटारवादकाच्या धाटणीचा, १९३०च्या दशकातला स्विंग, म्हणजे नाचाच्या ठेक्याचं जॅझ, आम्ही वाजवतो. मी ऱ्हिदम गिटारवर असते, म्हणजे संध्याकाळभर नुसत्या कॉर्ड (एकत्र छेडलेले तीन-चार सूर). टाळ्या व्हायोलिनला आणि लीड गिटारला. घरून आई व्हिडिओ बघते आणि विचारते, 'तू कधी वाजवणार?' मध्यंतरी एका जाणत्या वादकाने ऐकून सांगितलं की माझी पहिली मात्रा जड पडते आणि त्यामुळे बँड मागे ओढला जातो. डावा हात तर सेट संपेपर्यंत भरून येतो.

आता एका कॅफेत दर आठवड्याला वाजवायचं काम मिळतंय. मालक म्हणतो, आवाज पोचत नाही, ड्रमर आणा. लीड गिटारवाला लगेच तयार झाला. ड्रमर आला तर माझं काम काय उरतं? मी सोलो शिकून घ्यावा की बँडच सोडावा? आणि खरं सांगायचं तर हे संगीत आपलं नाही, आपण पाहुणे आहोत, असंही वाटत राहतं.

उत्तर

आधी निकाल सांगतो, मग कारणं. बँड सोडू नका. कॅफेसाठी ड्रमर नको, हे बैठकीत मोकळेपणाने सांगा. सोलो जरूर शिका, पण टाळ्यांसाठी शिकायला बसू नका. आणि त्या जाणत्या वादकाचं म्हणणं गांभीर्याने घ्या. त्याने तुमचा दोष बरोबर पकडलाय, आणि तो दोष कुठून आला याचा मला अंदाज आहे.

तुम्ही ज्या बँडच्या वाटेने जाताय तो १९३४ साली पॅरिसमध्ये उभा राहिला. हॉटेल क्लॅरिजमध्ये लुई व्होलाचा वाद्यवृंद चहाच्या वेळच्या नाचासाठी वाजवायचा. त्यात जँगो होता आणि व्हायोलिनवादक स्टेफान ग्रापेलीही होता. मधल्या सुट्टीत हे दोघे पडद्यामागे बसून आपलं आपलं वाजवू लागले, हळूहळू त्यात बाकीचे मिसळले. त्यातून जो पंचक तयार झाला त्यात एक व्हायोलिन, एक डबल बेस आणि तीन गिटार होत्या. ड्रम नाही, पियानो नाही, एकही फुंकवाद्य नाही. अमेरिकेत तेव्हा स्विंग म्हणजे ट्रम्पेट, सॅक्सोफोन आणि ड्रम असलेला मोठा ताफा, आणि इथे पाच माणसं फक्त तारांवर तोच झोल, म्हणजे झुलता ठेका, उभा करत होती.

तीन गिटार का, हे तुमच्या लीड गिटारवाल्याला अवश्य सांगा. ग्रापेली सोलो घ्यायचा तेव्हा त्याच्या मागे दोन गिटार असायच्या, जँगोची आणि आणखी एक. जँगोची पाळी आली की मागे एकच उरायची. ही तक्रार जँगोनेच केली आणि म्हणून आणखी एक ऱ्हिदम गिटार घेतली गेली, असं सांगतात. जँगोचा भाऊ जोसेफ आणि रोजे शापू हे सुरुवातीचे दोन ऱ्हिदमवादक. त्या काळातला सगळ्यात मोठा गिटारवादक आपल्या सोलोखाली आणखी एक ऱ्हिदम मागत होता. तुमच्या बँडमध्ये ती जागा एकट्या तुम्ही सांभाळताय. लीड गिटार सोलोत शिरली की तुमच्याशिवाय कॉर्ड वाजवणारं कुणीच नसतं. त्या वेळी तुम्ही हात थांबवून बघा. एका आवर्तनात सगळ्यांना कळेल.

ड्रमबद्दल एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी, नाहीतर बैठकीत तुमच्यावरच उलटेल. जँगोने ड्रम घेतले होते. १९३९च्या सप्टेंबरात महायुद्ध सुरू झालं तेव्हा पंचक लंडनमध्ये होतं. जँगो पॅरिसला परतला, ग्रापेली तिकडेच राहिला. १९४०मध्ये जँगोने नवा संच जमवला. त्यात व्हायोलिनच्या जागी ह्यूबेर रोस्तांचं क्लॅरिनेट आलं आणि पिएर फुआद ड्रमवर बसला. तेव्हा ड्रम म्हणजे परंपरेचा भंग वगैरे काही बोलू नका. त्यापेक्षा हे दाखवा की ड्रम आले तसा संचच बदलला: ऱ्हिदम गिटार दोनाच्या एक झाल्या आणि आवाजाचा पोतही वेगळा झाला. १९३७ची 'मायनर स्विंग'ची ध्वनिमुद्रिका आणि १९४०ची 'न्वाज' लागोपाठ ऐकवा. दोन्ही सुंदर आहेत. तुमच्या बँडला यांतलं कोणतं व्हायचंय, प्रश्न एवढाच आहे. आणि तुमच्याकडे व्हायोलिन आहे, म्हणजे उत्तर बरंचसं ठरलेलंच आहे.

व्यवहाराची बाजू त्याहून सोपी. छोट्या कॅफेत ड्रम आले की व्हायोलिन दबतं, मग व्हायोलिनला माइक लागतो. मग बेस ऐकू येत नाही, त्याला ॲम्प्लिफायर. मग गिटारना पिकअप. महिनाभरात तुम्ही मूळच्या बँडचा नुसता आवाज वाढवलेला असेल आणि लाकडाचा जो नाद ऐकायला लोक जवळ येऊन बसतात तो गेलेला असेल. पाचव्या माणसाचं मानधनही त्याच पैशांतून जाईल, हे वेगळंच.

मालकाची तक्रार मात्र खोटी नसणार. आवाज पोचत नाही म्हणजे बहुतेक तुम्ही चुकीच्या जागी बसताय. कॉफीच्या यंत्रापासून आणि दारापासून लांब, पाठीमागे भिंत येईल असं अर्धवर्तुळ करा. बेस कोपऱ्याजवळ ठेवा, दोन भिंतींमुळे तो आपोआप भरीव होतो. तुम्ही बेसला खेटून बसा. व्हायोलिन पुढे, लोकांच्या बाजूला. तरी कमी पडलं तर मधोमध एकच चांगला कंडेन्सर माइक लावा आणि सोलो घेणाऱ्याने एक पाऊल पुढे यावं. बेसला थोडा आधार हवा असेल तर एक लहान ॲम्प, तोही कमीत कमी आवाजावर. मालकाला सांगा, दोन संध्याकाळी असं करून बघू, नाही पटलं तर ड्रमचं बोलू. तरीही अडून बसला तर फक्त एक स्नेअर (ड्रमसेटमधला छोटा ड्रम) आणि ब्रश, पूर्ण ड्रमसेट नको. आणि दुसऱ्या-चौथ्या मात्रेवर ब्रश वाजवणार की तुम्ही, हे पहिल्या दिवशीच ठरवून घ्या. त्या दोन मात्रांवर दोघं आपापल्या अंदाजाने पडू लागले की स्विंग संपला.

आता तुमच्या हाताकडे येतो. पत्रातला सगळ्यात महत्त्वाचा भाग मला हाच वाटला.

तुम्ही तबला शिकलात. तबल्याने तुम्हाला लयीची जी पक्की जाण दिली ती इथल्या बऱ्याच गिटारवाल्यांकडे नसेल. पण तबल्याच्या विद्यार्थ्याला लहानपणापासून समेवर यायची सवय असते. सगळं समेकडे धावतं आणि समेवर वजन पडतं. या संगीतात चार मात्रांच्या मोजणीत वजन दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर पडतं, पहिली आणि तिसरी हलकी असते. तुम्ही नकळत प्रत्येक चौकडीला सम गाठताय. म्हणून पहिली मात्रा जड, म्हणून बँड ओढला जातोय. लय चुकत नाहीये, तिचा तोल चुकीच्या पायावर आहे. हे सुटायला थोडे महिने लागतील, पण नक्की सुटतं.

फ्रेंच लोक या वाजवण्याला 'ला पोम्प' म्हणतात. पहिल्या आणि तिसऱ्या मात्रेवर पिक (तारा छेडायची चकती) खालच्या सुरांच्या जाड तारांवरून हलकेच जातो. दुसऱ्या आणि चौथ्यावर सगळ्या तारांवर पडतो, आखूड आणि कोरडा, आणि त्याच क्षणी डाव्या हाताची बोटं दाब सोडतात. बोटं तारांवरून उचलायची नाहीत, फक्त दाब काढायचा, म्हणजे तार तिथेच मुकी होते. बरेच जण पहिल्या आणि तिसऱ्या मात्रेच्या किंचित आधी एक बारीक उलटा स्ट्रोक घेतात, त्याने झोल येतो. तुम्ही आत्ता तो घेऊ नका. आधी चारही स्ट्रोक सरळ, खाली जाणारे, स्वच्छ करा. उलट्या स्ट्रोकच्या नादात मूळ ठेकाच डळमळलेले वादक मी फार ऐकलेत.

मेट्रोनोम (लयीचे ठोके देणारं यंत्र) वापरत असाल तर त्याच्या ठोक्याची जागा बदला. गाणं मिनिटाला २०० मात्रांच्या लयीत असेल तर मेट्रोनोम १००वर लावा आणि त्याचा प्रत्येक ठोका दुसरी आणि चौथी मात्रा समजा. सुरुवातीला तुमचा कान त्या ठोक्याला सम मानेल आणि आपोआप उलटं होईल. थांबा, पुन्हा मोजा, पुन्हा सुरू करा. तोंडाने मोजत वाजवा. हे संथ लयीत, १२०च्या आसपास, जमलं की मगच वाढवा. आठवड्यातून एकदा फक्त बेसवाल्याबरोबर बसा. तो पहिली आणि तिसरी मात्रा देतो, तुम्ही दुसरी आणि चौथी. दोघं मिळून ड्रमसेट. चौघांच्या तालमीपेक्षा या दोघांच्या तालमीतून बँड जास्त सुधारतो, हे माझं ठाम मत आहे.

डावा हात भरून येतो त्याचं कारण तुम्ही दाब सोडत नाही. २००च्या लयीत पाच मिनिटांचं गाणं म्हणजे एक हजार स्ट्रोक. पूर्ण वेळ बार कॉर्ड (एका बोटाने सगळ्या तारा आडव्या दाबून घेतलेली) आवळून धरली तर कुणाचाही हात भरेल. प्रत्येक दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेनंतर दाब सोडलात तर हाताला क्षणभर का होईना, विश्रांती मिळते. शिवाय सहा तारांच्या भरगच्च कॉर्डची इथे गरज नसते. तीन-चार सुरांच्या कॉर्ड घ्या, जाड तारेसाठी अंगठा वरून आणा. १९२८मध्ये राहत्या गाडीला लागलेल्या आगीत जँगोचा डावा हात होरपळला आणि अनामिका व करंगळी जवळजवळ निकामी झाल्या. त्याच्या कॉर्डचे आकार त्या मर्यादेतून घडले आणि पुढे दहा बोटं धड असलेल्यांनीही तेच उचलले, कारण ते आटोपशीर आहेत आणि द्रुत लयीत पटकन बदलतात. उघड्या तारांच्या कॉर्ड पूर्ण टाळा, त्या मुक्या करता येत नाहीत. एवढं करूनही सेटनंतर मुंग्या येत राहिल्या किंवा सकाळी उठल्यावर दुखत असेल, तर फिजिओथेरपिस्टला हात दाखवा. रियाजाने दुखणं जिरवायला जाऊ नका.

गिटार कोणती हे तुम्ही लिहिलं नाहीत. पॉप गाण्यांसाठी मिळते तशी मोठ्या अंगाची ॲकूस्टिक असेल, तर तिचा खर्ज घुमत राहतो आणि कोरडा स्ट्रोक मिळत नाही. या बाजाची गिटार पॅरिसच्या सेल्मर कंपनीसाठी मारियो माकाफेरीने घडवली आणि ती १९३२मध्ये बाजारात आली. तिचा नाद मधल्या सुरांत टणक, चटकन उठणारा आणि चटकन विरणारा. तेव्हा गिटारसाठी ॲम्प्लिफायर रुळले नव्हते म्हणून ती मोठ्या आवाजासाठीच बनवली होती. मूळच्या गिटार आता संग्राहकांकडे, पण तशाच घडणीच्या नव्या गिटार मिळतात. लगेच विकत घेऊ नका. कुणाकडून आठवडाभर मागून आणा, चांदीचा मुलामा असलेल्या तांब्याच्या, १० किंवा ११ गेजच्या तारा लावा, जाड पिक घ्या, आणि फोन समोर तीन मीटरवर ठेवून ध्वनिमुद्रण करा. फरक ऐकल्यावर स्वतःच ठरवाल.

आणखी एक गोष्ट तुमच्या चौघांत नक्की बिघडत असणार, कारण ती सगळ्यांची बिघडते. व्हायोलिनच्या सोलोत लीड गिटारवालाही ऱ्हिदम वाजवतो आणि त्याचा हात तुमच्यासारखा पडत नाही. दोन गिटार वेगवेगळ्या लांबीच्या कॉर्ड वाजवतात आणि सगळं गढूळ होतं. ठरवून घ्या: ऱ्हिदमचा म्होरक्या तुम्ही. कॉर्ड किती आखूड ठेवायची, कोणत्या कडव्यात आवाज उतरवायचा, बेसच्या सोलोत पूर्ण थांबायचं की दुसरी-चौथी मात्रा पुसटशी द्यायची, हे तुम्ही सांगायचं आणि त्याने ऐकायचं. नाहीच जमलं तर त्याने त्या वेळी स्वस्थ बसावं. हा अधिकार मागायला संकोच करू नका. एखाद्या बँडमध्ये ऱ्हिदमवाल्याचा मान किती आहे ते टाळ्यांवरून कळत नाही, तालमीत कोणाचं ऐकलं जातं त्यावरून कळतं.

मोठ्या ताफ्यातही हे खरं आहे. अमेरिकेतल्या काउंट बेसीच्या जॅझ वाद्यवृंदात फ्रेडी ग्रीन १९३७मध्ये आला आणि १९८७मध्ये वारला तोवर, मधला थोडा काळ सोडला तर, तिथेच ऱ्हिदम गिटार वाजवत राहिला. सोलो त्याने जवळजवळ घेतलेच नाहीत. पंधरा-सोळा माणसांच्या त्या गजरात, विजेशिवायच्या गिटारवर, चार मात्रा. त्याच्या शेजारी ड्रमर होताच. तरी ग्रीन नसला तर तो वाद्यवृंद बसत नाही, हे सगळे वादक मान्य करत. आईंना त्याची एखादी ध्वनिमुद्रिका ऐकवा. नुसतं 'मी पण वाजवतेय' म्हणून समजत नाही. कानावर हेडफोन लावून, 'आता फक्त खरखर असा जो आवाज येतोय तिकडे लक्ष दे', असं शेजारी बसून दाखवावं लागतं.

सोलोचं थोडक्यात. प्रत्येक गाण्याची मूळ चाल आधी गाऊन पाठ करा, मग गिटारवर काढा. या गाण्यांपैकी बरीचशी बत्तीस बारांची (बार म्हणजे चार मात्रांची एक चौकडी) असतात, आठ-आठचे चार भाग, त्यातला तिसरा वेगळा. तो मधला आठ बारांचा भाग एखाद्या गाण्यात तुम्हाला द्या म्हणावं, आणि तिथे कॉर्डमधूनच चाल वाजवा. तुमच्या हाताला तेच जवळचं आहे आणि ऐकणाऱ्यालाही वेगळं वाटतं. लीड गिटारवाल्याच्या वेगाशी बरोबरी करायला जाऊ नका.

पाहुणेपणाबद्दल तुम्ही शेवटी ओझरतं लिहिलंत, पण ते मनाला लागलेलं दिसतं. तुम्ही ज्या भागात राहता तिथे हे संगीत फार जवळ आहे. आइंडहोवनच्या शेजारी न्यूनेन आणि हेल्मंडच्या परिसरातल्या सिंती कुटुंबांनी (सिंती ही रोमा लोकांची एक शाखा, जँगोही त्याच समाजातला) ते पिढ्यान् पिढ्या जपलं. रोझेनबर्ग त्रयी तिथलीच: लीडवर स्टोकेलो, ऱ्हिदमवर नूशे, बेसवर नॉनी. अशा घरांत मूल आधी ऱ्हिदमच शिकतं. मोठ्यांच्या मागे वाजवत कान तयार होतो, सोलो नंतर. म्हणजे तुम्ही ज्या पायरीवर आहात ती तिथे प्रवेशाची पायरी मानतात, कमीपणाची नाही. त्या लोकांनी सोसलंयही पुष्कळ. १९४४मध्ये याच देशातून सिंती आणि रोमा कुटुंबांना वेस्टरबोर्कच्या छावणीतून नाझींच्या आउशविट्झ मृत्युछावणीत पाठवलं गेलं. त्यांचं संगीत वाजवताना हा इतिहास माहीत असावा, कार्यक्रमात त्यांच्या वादकांची नावं घ्यावीत. पाहुण्याने एवढं केलं की पुष्कळ झालं.

आणि आपला या संगीताशी काहीच संबंध नाही, असंही मानू नका. १९३५मध्ये मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात लिऑन ॲबी हा आफ्रिकी-अमेरिकी वादक आपला जॅझ बँड घेऊन आला होता आणि तो स्वतः व्हायोलिन वाजवायचा. गोव्यातल्या चर्चच्या शाळांतून नोटेशन शिकून आलेले वादक त्या काळात मुंबईच्या हॉटेलांत स्विंग वाजवत आणि पुढे तेच चित्रपटांच्या वाद्यवृंदांत बसले. पुणतांब्याचे सी. रामचंद्र यांच्या गाण्यांत जो झोल आहे त्यात चिक चॉकलेटसारख्या गोवेकर ट्रम्पेटवाल्याचा मोठा वाटा आहे. तुमच्या आईने ती गाणी ऐकली असणार. म्हणजे हा ठेका तुमच्या घरात तुमच्याआधीच येऊन गेलाय.

जूनच्या अखेरीस जमलं तर फ्रान्समध्ये फोंतेनब्लोला जा. जँगोने शेवटची वर्षं जवळच्या साम्वा-सुर-सेन गावात काढली आणि १९५३मध्ये तो गेला. त्याच्या नावाचा महोत्सव त्या भागात भरतो. तुमच्या गावाहून गाडीने एका दिवसात पोचता येतं. मंचावरचे कार्यक्रम चांगलेच असतात, पण तुम्ही गिटार घेऊन तंबूंकडे जा. तिथे रात्री उशिरापर्यंत गोल करून लोक वाजवत असतात. सोलो घेणारे प्रत्येक गोलात भरपूर असतात, नीट ऱ्हिदम देणारे कमी. बेसवाल्याच्या शेजारची जागा धरा. दहा-बारा गाण्यांच्या कॉर्ड तोंडपाठ करून जा, वहीत बघून वाजवणाऱ्याला गोलात फार वेळ ठेवत नाहीत. सोलो एकाकडून दुसऱ्याकडे गेला की पहिल्या आठ बारांत आवाज उतरवा. आणि पहिली मात्रा हलकी ठेवा.